इंदोरची कॅडेट आणि जहाजावरचा कचरा: पहिल्या काँट्रॅक्टला निघालेल्यांसाठी

मर्चंट नेव्हीत जायचंय म्हणून इंदोर-उज्जैन-देवासकडची मुलं-मुली मला अधूनमधून विचारत असतात की ताई पहिल्या जहाजावर काय काम करावं लागतं, आणि त्यांच्या डोक्यात पांढरा युनिफॉर्म, दुर्बीण, ब्रिजवर उभं राहून सूर्यास्त बघणं असलं काहीतरी असतं, आणि मी सांगते की बाबांनो पहिले दोन महिने मी कचरा बघितला. खरंच. चिपिंग म्हणजे गंज खरवडणं, पेंटिंग, होल्ड म्हणजे मालाची कोठी साफ करणं हे तर होतंच पण रोज न चुकता एक काम माझ्या नावावर होतं ते म्हणजे पूप डेकवरच्या, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकवरच्या, कचऱ्याच्या ड्रमांचा हिशोब ठेवणं. आणि आता थर्ड ऑफिसर झाल्यावर मागे वळून बघते तर त्याच कामाने मला जहाज कळलं असं वाटतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण प्रश्न तोच येतो की इंदोरात समुद्र कुठे. आम्ही लोकमान्य नगरमधले, घरात कुणी जहाजावर नव्हतं, बाबा बँकेत. बारावी पीसीएम, मग आयएमयूची म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी, मग डीएनएस म्हणजे एक वर्षाचा डिप्लोमा, आणि त्यानंतर कॅडेट म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून जहाजावर अठरा महिन्यांचा सी टाइम. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबई हे इतक्या वेळा केलंय की टीसी ओळखायला लागला होता. कागदांचं एवढंच सांगते की पासपोर्ट, इन्डॉस नंबर म्हणजे खलाशांचा ओळख क्रमांक, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक आणि एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे बेसिक कोर्स याशिवाय कोणी तुम्हाला जहाजावर चढवणार नाही, आणि कोणी "सगळं करून देतो, इतके लाख द्या" म्हणाला तर त्याचा आरपीएसएल म्हणजे भरती एजन्सीच्या लायसन्सचा नंबर आधी सरकारच्या डीजी शिपिंगच्या साइटवर तपासा. आपल्याकडे समुद्र लांब असल्यामुळे माहितीही लांबूनच येते आणि त्याचा फायदा घेणारे पुष्कळ आहेत. यावर वेगळं लिहिता येईल, आत्ता कचरा.

तर इंदोरच्या मुलीला कचऱ्याचं काय शिकवायचं अशी माझी आपली एक घमेंड होती. २०१७ पासून सलग सात वर्षं आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं, सकाळी गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की आई आतून ओरडणार "अगं गाडी येऊन राहिली आहे, डबे काढ!", ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वेगळा, बॅटऱ्या-बिटऱ्या वेगळ्या, आणि ओला नीट वेगळा मिळतो म्हणूनच तो देवगुराडियाला रोज ५५० टनांच्या प्लांटमध्ये जाऊन त्याचा गॅस होतो हेही मी कॉलेजात चार जणांना ऐकवलेलं. त्यामुळे जॉइन झाल्यावर चीफ ऑफिसरने, म्हणजे सगळे ज्यांना मेट साहेब म्हणतात त्यांनी, गार्बेज मॅनेजमेंट प्लॅनची फाइल हातात दिली तेव्हा मी ती तासाभरात चाळून परत दिली. ते हसले फक्त.

फरक काय तो मला पंधरा दिवसांनी कळला. इंदोरात तुम्ही डबा गाडीत रिकामा केला की तुमचं काम संपलं. जहाजावर गाडी येतच नाही. आम्ही एकवीस जण, बल्क कॅरियर म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, ऑस्ट्रेलियातून कोळसा भरून भारतात आणायचा, एकेक व्हॉयेज तीन-तीन आठवड्यांची, मग अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, धक्क्यावरच्या जागेची वाट बघत आठवडा-दहा दिवस, आणि या सगळ्या काळात एकवीस माणसांनी जे काही खाल्लं, सोललं, फाडलं, फोडलं, पुसलं ते सगळं मागच्या डेकवर आपल्याबरोबर प्रवास करत असतं. उन्हात. झाकण लावलेल्या ड्रममध्ये. वाऱ्याची दिशा बदलली की अख्ख्या अकोमोडेशनला कळतं की आज कचरा कुणाच्या ड्यूटीत आहे.

आता नियम. मार्पोल नावाचं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन आहे, त्याचं पाचवं अ‍ॅनेक्स कचऱ्याचं. ते ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू आहे पण आपल्याला महत्त्वाची तारीख १ जानेवारी २०१३, कारण त्या दिवसापासून सगळा विचारच उलटा झाला. आधी असं होतं की काही गोष्टी टाकायला बंदी आणि बाकीच्या अमुक अंतरावर चालतील, म्हणजे कागद, काच, पत्र्याचे डबेसुद्धा बारा मैलांच्या बाहेर लोक समुद्रात टाकायचे आणि ते कायदेशीर होतं. २०१३ पासून सगळंच बंद, आणि मोजक्या गोष्टींना सूट. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्हाला जुने लोक भेटतील ज्यांची निम्मी नोकरी आधीच्या नियमात गेली, आणि ते अगदी प्रेमाने म्हणतील "अरे पुठ्ठा आहे, विरघळतो पाण्यात, टाक". नाही टाकायचा.

मग टाकता काय येतं? अन्न. ते पण असंच नाही. गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात कमिन्यूटर असेल, म्हणजे अन्न बारीक करणारं मशीन, आणि त्यातून निघालेला लगदा २५ मिलीमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक असेल तर जमिनीपासून ३ नॉटिकल मैलांच्या पुढे. मशीन नसेल किंवा बिघडलं असेल, आणि आमचं पहिले दोन महिने बिघडलेलंच होतं, तर १२ मैलांच्या पुढे. बारा नॉटिकल मैल म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, आपल्या राजवाड्यापासून महूपर्यंत धरा. आणि दोन्ही वेळेला जहाज एन रूट पाहिजे, चालत असलं पाहिजे. इथे नवीन मुलं हमखास फसतात, ओरल एक्झामलाही फसतात, की अँकरेज किनाऱ्यापासून पंधरा मैलांवर आहे मग टाकलं तर काय, तर नाही, नांगर टाकून उभं असलेलं जहाज एन रूट नाही, सगळं ड्रममध्ये राहणार. स्पेशल एरियात, म्हणजे जास्त जपायच्या ठरवलेल्या समुद्रांत, अजून कडक, भूमध्य समुद्र, बाल्टिक, नॉर्थ सी, कॅरिबियन, अंटार्क्टिका, आखाती भाग, तिथे बारीक केलेलं अन्नसुद्धा १२ मैलांच्या पुढेच आणि न दळलेलं तर टाकायचंच नाही. रेड सी या यादीत नावाला बरीच वर्षं होता पण प्रत्यक्ष लागू झाला १ जानेवारी २०२५ पासून, त्यामुळे जुन्या नोट्सवरून अभ्यास करत असाल तर तेवढं दुरुस्त करून घ्या. आणि "जवळची जमीन" म्हणजे नकाशावर दिसणारा काठच असं नाही, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य बाजूला ग्रेट बॅरियर रीफमुळे ती रेषा समुद्रात बरीच बाहेर ओढलेली आहे, तिथून जाताना आमचे कुक दोन दिवस आधीच कुरकुर सुरू करायचे.

प्लास्टिक कुठेही, कधीही, कितीही लांब, नाही म्हणजे नाही. तळणीचं तेल नाही. इन्सिनरेटरची, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीची, राख नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं जळून राख झाली म्हणजे सुटलो.

आता तो प्रसंग सांगते ज्यामुळे मी ती फाइल परत मागून घेतली.

रविवार होता, नाश्त्याला पोहे. कुक गोव्याकडचे, त्यांचे पोहे चांगले पण आपल्यासारखे नाहीत, म्हणून मी घरून आणलेलं जीरावनचं, म्हणजे आपल्याकडे पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचं, पाकीट मेसमध्ये नेलं, कात्रीने कोपरा कापला, सगळ्यांना दिलं, सगळे खूश, "मॅडम ये क्या चीज है" वगैरे. दुपारी चारच्या सुमाराला बोसनने मला पूपवर बोलावलं. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे, पस्तीस वर्षं समुद्रावर, माझ्याशी मराठीत बोलायचे आणि मला "गो" म्हणायचे म्हणून मला पहिल्या दिवसापासून बरं वाटायचं. त्यांच्यासमोर गॅलीतून आलेली फूड वेस्टची बादली होती आणि जहाज पंचवीस-तीस मैल बाहेर होतं, म्हणजे टाकायला काहीच हरकत नव्हती. ते म्हणाले, "हातमोजे घाल आणि उपड कर."

मी म्हटलं इथे? डेकवर?

"ताडपत्री पसर आणि उपड कर. वरून बघून काय कळत नाय."

उपडी केली. भात, डाळ, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, भाजलेल्या पावाच्या कडा, चहाचा चोथा, आणि सकाळच्या पोह्यांचा एक लपका. त्यांनी एका काडीने तो लपका पसरवला आणि त्यात एक छोटा, नखाएवढा, चकचकीत तिकोनी तुकडा होता. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने लाल. माझ्या जीरावनच्या पाकिटाचा कोपरा.

त्यांनी तो उचलून माझ्या हातमोज्यावर ठेवला. म्हणाले हा असेपर्यंत ही अख्खी बादली प्लास्टिक. आणि तसंच आहे, नियमच आहे, दोन प्रकारचा कचरा मिसळला की जो नियम जास्त कडक तो सगळ्याला लागतो, म्हणजे दहा किलो भातात नखाएवढं प्लास्टिक असेल तर दहा किलो प्लास्टिक. मग मी त्या उन्हात पाऊण तास बसून ती बादली हाताने निवडली. आणखी दोन गोष्टी निघाल्या, एक सॉसच्या सॅशेचा तुकडा आणि एक टी-बॅगची पिन. माझ्या आईची सवय आहे, दुधाची पिशवी कापताना ती कोपरा पूर्ण कापत नाही, लटकता ठेवते, म्हणजे तो पिशवीबरोबरच जातो, आणि मी लहानपणापासून तिला म्हणायचे की काय आई, धार नीट येत नाही. त्या ताडपत्रीवर बसून मला आईची ती लटकती पिशवी इतकी आठवली म्हणून सांगू.

आणि हे नुसतं बोसनचं खूळ नव्हे बरं का. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात एका मोठ्या क्रूझ कंपनीला २ कोटी डॉलरचा दंड झाला, तिच्यावर आधीच्या तेलाच्या केसमुळे कोर्टाची नजर होती, आणि कबूल केलेल्या गोष्टींमध्ये एक होती ती म्हणजे बहामाजमध्ये अन्नाच्या कचऱ्यात मिसळून समुद्रात गेलेलं प्लास्टिक. अमेरिकेच्या कायद्यात असंही आहे की अशा केसची खबर देणाऱ्याला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते, त्यामुळे आजकाल जहाजावरच्या प्रत्येक मोबाइलला डोळे आहेत असं समजा.

दुसरी गोष्ट गार्बेज रेकॉर्ड बुकची. मला विचाराल तर पहिल्या काँट्रॅक्टला सगळ्यात लक्ष देऊन शिकायची वही ही. ४०० ग्रॉस टनांच्या वरच्या आणि पंधरा किंवा जास्त माणसांसाठी सर्टिफाइड जहाजांना ती लागायचीच, मे २०२४ पासून १०० टनांपासूनच्या जहाजांनाही लागते. दोन भाग असतात, पहिल्यात रोजचा कचरा, दुसऱ्यात कार्गोचे अवशेष, तो मुख्यतः बल्कवाल्यांचा. प्रत्येक प्रकाराला अक्षर आहे. ए प्लास्टिक, बी अन्न, सी डोमेस्टिक म्हणजे कागद-काच-डबे, डी तळणीचं तेल, ई राख, एफ ऑपरेशनल म्हणजे तेलाची फडकी, पेंटचे डबे असलं, जी मेलेली जनावरं (गुरं वाहणाऱ्या जहाजांना लागतं, मी कधी लिहिलेलं नाही आणि लिहायची इच्छाही नाही), एच मासेमारीची जाळी, आय ई-वेस्ट, ज्यात प्रिंटरची कार्ट्रिजसुद्धा येते, आणि जे व के कार्गोचे. हे पाठ करायला दोन दिवस लागतात. चुकतं ते दुसरीकडे.

चुकतं ते असं की एंट्री लिहिणारा माणूस आणि कचरा टाकणारा माणूस वेगळे असतात. मेसमन टाकतो पूपवर, एंट्री होते वर ऑफिसात एसीत. उंटावरून शेळ्या हाकणं. कॅडेटला सही करायचा अधिकार नाही, सही त्या कामाच्या इनचार्ज ऑफिसरची आणि पान भरलं की कॅप्टनची, पण कच्ची माहिती जमवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी काय केलं, इंडोनेशियाच्या बेटांच्या अलीकडे असताना मेसमनने सकाळी साडेसहाला फूड वेस्ट टाकलं, पूर्ण मोकळ्या समुद्रात, सगळं नियमात, आणि मी दुपारी ब्रिजवर जाऊन जी पोझिशन समोर दिसली ती, म्हणजे बाराची नून पोझिशन, लिहून मोकळी झाले. तोपर्यंत जहाज बेटांमध्ये शिरलेलं. मेट साहेबांनी सही करायच्या आधी ती पोझिशन चार्टवर टाकली आणि मला बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं, सात मैलांवर बेट. म्हणजे जे काम कायदेशीर झालं होतं ते मी स्वतःच्या हाताने बेकायदेशीर लिहून ठेवलं होतं! वर त्यांनी विचारलं की तू टाकताना बघितलंस का, मी म्हटलं नाही, मेसमनने सांगितलं. म्हणाले मग आधी तू झोपेतून साडेसहाला उठ, मग लिही.

तेव्हापासून माझी एक छोटी खिशातली डायरी होती. टाकायच्या आधी ब्रिजला वॉकी-टॉकीवर विचारायचं, अंतर किती, टाकू का, ब्रिजने हो म्हटलं की वेळ आणि पोझिशन तिथल्या तिथे लिहून घ्यायची. मेसमनला सांगून ठेवलेलं की मला हाक मारल्याशिवाय बादली हलवायची नाही. तो बिचारा आधी वैतागला, मग त्यालाच बरं वाटायला लागलं कारण काही झालं तर पहिलं बोट त्याच्याकडे जातं. आणि चूक झालीच तर व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. वही शेवटच्या एंट्रीपासून दोन वर्षं जहाजावर ठेवावी लागते, बंदरात कचरा दिला की मिळालेली रिसीटही तिच्याबरोबरच. रिसीट न घेता कचरा न्यायला आलेली बार्ज सोडायची नाही, मग एजंट कितीही म्हणो की मेल करतो.

क्वांटिटीचं पण सांगते कारण यावर कुणी शिकवत नाही. सगळं क्युबिक मीटरमध्ये लिहायचं असतं आणि पहिल्या दिवशी ०.०५ म्हणजे नक्की किती हे डोळ्यांना कळत नाही. २०० लिटरचा ड्रम म्हणजे ०.२, एवढं धरून चालायचं, ड्रमवर आतून पावाच्या, अर्ध्याच्या खुणा पेंटने करून ठेवायच्या, मग अंदाज येतो. तपासायला येणारा इन्स्पेक्टर नेमकं हेच बघतो. एकदा ऑस्ट्रेलियातल्या एका बंदरात पीएससी, म्हणजे बंदराच्या देशाकडून होणारी जहाजाची तपासणी, आली होती, मला वाटलं वही मागतील, तर तो गृहस्थ आधी गॅलीत गेला, डस्टबिनचं झाकण उघडून आत बघितलं, आणि मेसमनला विचारलं की हे इथून कुठे जातं. मेसमनने सांगितलं, दाखवलं. मग पूपवर येऊन ड्रम मोजले. मग वही. आणि वहीत तो बेरीज करत होता, इतकी माणसं, इतके दिवस, मागच्या बंदरात इतकं प्लास्टिक उतरवलं, मधे इतकं जाळलं, मग आत्ता ड्रममध्ये एवढं का आहे. एकवीस माणसांच्या जहाजावर महिनाभर प्लास्टिकची एंट्रीच नसेल तर त्याचा अर्थ जहाज स्वच्छ आहे असा कुणी काढत नाही.

बंदरात इतर पण भानगडी असतात. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत अन्नाचा कचरा म्हणजे बायोसिक्युरिटी, ड्रम गळका नको, झाकण घट्ट पाहिजे, पक्षी बसता कामा नये. कावळा-सीगल ड्रमवर बसला म्हणून बोलणी खाल्लेली मी एकटीच नाही. आपल्याकडे डीजी शिपिंगने २०१९ मध्येच सिंगल यूज प्लास्टिकवर ऑर्डर काढलेली आहे, त्यामुळे प्रोव्हिजन घेतानाच शिपचँडलरला म्हणजे जहाजाला सामान पुरवणाऱ्याला सांगायचं असतं की थर्माकोल, थाळ्या, पातळ पिशव्या नकोत, पुठ्ठे-रॅपर बंदरातच काढून परत दे. सगळ्यात कमी मेहनतीचा कचरा तो, जो गँगवे चढलाच नाही.

इन्सिनरेटर इंजिनवाल्यांचा, आपण डेकवाल्यांनी फक्त नीट वेगळं करून द्यायचं. आत ८५० डिग्रीच्या वर तापमान जातं, त्यात कुणी डिओचा रिकामा स्प्रे टाकला तर काय होईल सांगायला नको, काच आणि अ‍ॅल्युमिनियम वितळून तळाला चिकटतं आणि मग सेकंड इंजिनियर तुम्हाला नावानिशी शोधत येतो. तेलाची फडकी मात्र लोखंडी झाकणाच्या डब्यातच, उघड्या ढिगात ती आपोआप पेट घेऊ शकतात, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. आणि मुदत संपलेले फ्लेअर्स, म्हणजे ते धोक्याच्या वेळी उडवायचे रॉकेट, कुठल्याच ड्रममध्ये टाकायचे नसतात, त्यांची कंपनीमार्फत वेगळी सोय करावी लागते.

होल्ड वॉशिंगचं थोडक्यात. कोळसा उतरवल्यावर पुढचा कार्गो गहू असेल तर होल्ड आरशासारखी लागते, पाच-सहा दिवस आम्ही काळे माकड झालेलो, आणि धुतलेलं पाणी कोळशाच्या उरल्यासुरल्या भुग्यासकट बाहेर जातं. ते चालतं का, तर कार्गो समुद्राला घातक नाही असं शिपरने डिक्लेअर केलेलं असलं पाहिजे, १२ मैलांच्या पुढे, जहाज चालत असताना, स्पेशल एरिया नको, आणि धुवायला वापरलेलं केमिकलही घातक नको. मग दुसऱ्या भागात सुरुवातीची आणि शेवटची पोझिशन. इथे पण लोक धुवायच्या नादात सुरुवातीची वेळ लिहायला विसरतात.

आता मुलींसाठी एक, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मेट साहेबांना विचारायची लाज वाटली. सॅनिटरी पॅड टॉयलेटमध्ये अजिबात टाकू नका, जहाजाची व्हॅक्यूमची टॉयलेट लगेच चोक होतात आणि मग पाइप उघडणाऱ्या माणसाला कळतंच की जहाजावर बाई एकच आहे. पॅडमध्ये प्लास्टिक असतं. मी पहिल्या महिन्यात केबिनमध्येच पिशवीत साठवत राहिले, मूर्खासारखी. शेवटी धीर करून सांगितलं तर त्यांनी कसलाही गाजावाजा न करता एक झाकणाचा छोटा डबा दिला, तो प्लास्टिकबरोबर थेट इन्सिनरेटरला जायचा, ड्रमवर कुणी उघडून निवडत बसायचं नाही. इंदोरच्या गाडीला सॅनिटरीचा वेगळा कप्पा असतो तसंच, विषय दोन मिनिटांत संपला. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यातच विचारून टाका.

ओरलबद्दल म्हणजे लायसन्सच्या तोंडी परीक्षेबद्दल पण विचारतात लोक. सेकंड मेटच्या ओरलला मला अ‍ॅनेक्स फाइव्हवर जे विचारलं त्यातलं अंतरं-बिंतरं सगळ्यांना येतात, तिथे कुणी अडकत नाही. मला सर्व्हेयरने विचारलं की ड्रम वाऱ्याने उडून समुद्रात पडला तर काय कराल. मी अपघाताची एंट्री सांगितली, कुठे, कधी, काय आणि किती पडलं, कारण काय, आणि पडू नये म्हणून काय काळजी घेतली होती. मग ते म्हणाले ड्रम बांधला कशाने होता? हे पुस्तकात नाही. मी सांगितलं की रोप लॅशिंग आणि वर जाळी, आणि खराब हवामानाच्या आधी अर्धे ड्रम आत स्टोअरला. मान हलवून पुढच्या प्रश्नाला गेले. हे मला त्या बोसनने शिकवलं होतं, आणि त्यांना वाचायला चष्मा लागतो म्हणून ते प्लॅनची फाइल कधी उघडतच नसत.

सुट्टीवर घरी आले की पहिल्या सकाळी गाडीच्या गाण्याने जाग येते आणि अर्धवट झोपेत मला वाटतं ब्रिजला विचारायचं राहिलं. आई हसते. बाबांना अजूनही लोकांना सांगताना "नेव्हिगेशन बघते" असंच सांगायला आवडतं, इंदोरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला कुणी भेटलं की हमखास, आणि मी काही दुरुस्त करत नाही.

सामान काय न्यायचं हेही बरेच जण विचारतात. जाड रबरी हातमोज्यांचे दोन जोड घरून न्या, जहाजावर मिळतात ते एका मापाचे असतात आणि आपल्या हाताला ढिले होतात. खिशात मावणारी डायरी आणि पेन्सिल, शाई घामाने पसरते. पोटासाठी शेव, लोणचं, जीरावन जे न्यायचं ते न्या, पण घरीच बरणीत भरून घ्या आणि पाकिटं लोकमान्य नगरच्या गाडीत टाकून या.